गाडीचं काम चालू आहे

मी दुरुस्तीला घेतलेली वस्तू परत चालत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या काकूंनी एकदा शिलाई मशीन ‘जरा बघा’ म्हणून दिलं होतं. मी बघितलं. आता त्या मशीनच्या लोखंडी पायांवर त्यांच्याकडे पाण्याचा रांजण असतो, आणि पाणी प्यायला गेलं की त्या माझ्याकडे एक नजर टाकतात. पेशानं मी क्लार्क. जिंतूरला एका कॉलेजात दाखले लिहितो. दाखला लिहिताना माझा हात कधी चुकत नाही. चुकतो तो पाना धरल्यावर.

अशा माणसाला पन्नाशी जवळ आल्यावर एक मोडकी गाडी विकत घेऊन ती स्वतः बांधून काढायची बुद्धी झाली. कारण दादा.

दादा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केलेले, आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा पहिला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांची शाळा फाट्यावर भरायला लागली. आमचं गाव जिंतूरहून चारठाण्याला जाणाऱ्या रस्त्यापासून दीड किलोमीटर आत. फाट्यावर एक चहाचं हॉटेल, एक पंक्चरचं दुकान आणि त्या दोघांना पुरेल एवढी सावली देणारं एक लिंबाचं झाड. सकाळच्या एसटीनं पेपर यायचा. दादा हॉटेलच्या बाकड्यावर बसून तो मोठ्यानं वाचायचे, पहिल्या पानावरच्या मंत्र्यापासून शेवटच्या पानावरच्या निविदेपर्यंत. ऐकणारे कायमचे दोघं: हॉटेलवाला आणि शेजारच्या गावचे एक शिंपीकाका. बाकी येणारेजाणारे. पीकविम्याचा अर्ज असो, बँकेचं पत्र असो, कोर्टाचा कागद असो, लोक तो घेऊन फाट्यावर यायचे. दादा आधी वाचून दाखवायचे, मग रागवायचे, मग भरून द्यायचे. रागवल्याशिवाय अर्ज भरला, असं एकदाही झालं नाही.

गाडी घेण्याच्या तीन वर्षं आधी दादांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. परभणीच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून घरी आणलं. दोन महिन्यांत बोलणं परत आलं, होतं तसंच खणखणीत. त्यामुळं आम्हाला वाटलं, बाकीचंही मागोमाग येईल. काठी टेकत अंगणभर चालायलाही लागले. उजवा हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला तो राहिलाच.

सुरुवातीला फाट्यावरची मंडळी घरी येऊन बसायची. पण घरी बसणं म्हणजे समाचाराला येणं. चहा पिऊन, तब्येत विचारून माणसं उठायची. हळूहळू येणं कमी झालं. मी म्हणालो, मोटारसायकलवर मागं बसा, सोडतो फाट्यावर. दादा म्हणाले, "मला पार्सल करू नको." एकदा जीप सांगितली. जीप दारात आली आणि ह्यांचं पोट बिघडलं. सरकारी तीनचाकीचा अर्ज आणला, तर म्हणाले, अपंगांच्या यादीवर मी साक्षीदार म्हणून सह्या केल्यात, आता त्यातच माझं नाव घालू का. शेजारपाजारचे म्हणायचे, गुरुजी ताठ माणूस. मलाही तसंच वाटलं. स्वतःच्या हातानं गाडी चालवत जाता आलं तरच हा माणूस जाईल. म्हणजे प्रश्न निव्वळ गाडीचा आहे. दादा आपले आपण फाट्यावर जावेत, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते मी करून दाखवणार होतो.

परभणीला एका ठेकेदाराच्या घरामागं मला ती गाडी दिसली. तिला पिट बाईक म्हणतात, हे मला तिथंच कळलं. उड्या मारायच्या मोठ्या मोटारसायकलीची लहान प्रत, गुडघ्याएवढी. ठेकेदारानं पोरासाठी हौसेनं घेतलेली, पोरगं उंच झालं, गाडी तेवढीच राहिली. कोंबड्या तिच्यावर झोपत होत्या. जुन्या सायकलीच्या भावात देतो म्हणाला. मी खाली बसून तिची तपासणी केली, म्हणजे तपासणी करणारा माणूस जसा बसतो तसा बसलो. सीट इतकी खाली की पाय न उचलता बसता यावं. गिअर नाही, क्लच नाही. किक नाही, फवारणीच्या पंपाला असते तशी दोरी. दोरी ओढली की सुरू. डाव्या हातानं ओढता येत होती. मला वाटलं, ही गाडी कुणीतरी माझ्या बापाचं माप घेऊनच बनवली आहे.

टेम्पोत घालून ती जिंतूरला मिस्त्रीकडे आणली. मिस्त्री माझ्या कॉलेजच्या रस्त्यालाच बसतो. साठीचा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं आमच्या भागातली दखनी आणि मराठी एकत्र कालवलेलं. त्यानं टेम्पोत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "साब, बकरी किधर से उठाके लाए?"

तेच नाव पडलं. पुढं गावातही ती गुरुजींची बकरी म्हणूनच ओळखली गेली.

मिस्त्रीनं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, चेन ताणून दिली. बाकीचं मी घरी करणार होतो. तेवढी माझी अट होती. रविवारी अंगणात गाडी घेतली. दादा खुर्चीवर, समोर पेपर. लकव्यानंतरही त्यांचा पेपर सुटला नव्हता. रोज सकाळी मी आणून दिला की डाव्या हातानं मांडीवर पसरायचे, चष्मा लावायचे आणि तासभर कुणाशी बोलायचे नाहीत. मध्ये डोळे चोळायचे म्हणून मी दोनदा चष्म्याचा नंबर तपासून आणला. दोन्ही वेळा म्हणाले, आता झकास दिसतं.

मी टाकी पेट्रोलनं भरली. दोरी ओढली. पाचव्या झटक्याला बकरी सुरू झाली. दादांनी पेपरवरून मान वर केली.

"आवाज फवाऱ्याचाच हाय," म्हणाले.

हे त्यांनी निव्वळ निरीक्षण म्हणून सांगितलं. त्यात अक्कल होती ती मला घेता आली नाही. मी गल्लीत दोन चकरा मारल्या, गुडघे कानाला लागत होते, बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि तिसऱ्या चकरेला बकरी किंचाळली आणि जागच्या जागी थिजली. दोरी ओढली तर दोरी येईना. सोमवारी मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि आतला पिस्टन मला काढून दाखवला. एका अंगानं खरवडून निघाला होता.

"तेल मिलाया था?"

मी विचारलं, कसलं तेल.

"फवारे के पंप में डालते वैसाच, साब. पेट्रोल में तेल. शेतकरी का बच्चा भी जानता."

मी मास्तरचा बच्चा. मिस्त्रीनं गवत कापायच्या मशीनचा पिस्टन शोधून, घासून, बसवून दिला. बायको म्हणाली, "जिथं बसता ना गाडीपाशी, तिथं एक रांजण ठेवायची जागा मोजून ठेवा."

पिस्टन बसला तसा मी पुढच्या कामाला लागलो. दादांना तोल सांभाळता येणार नव्हता, म्हणून दोन्ही अंगांना आधाराची चाकं पाहिजेत. ती करायला मी गाडी नेली ती शेतीची अवजारं करणाऱ्या वेल्डरकडे. हा माणूस आयुष्यभर तिफणी, वखर आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करत आलेला. लोखंड म्हणजे जाड, ही त्याची श्रद्धा. मी त्याला सांगितलं, मजबूत करा. त्याला तेवढंच ऐकायचं होतं. चार दिवसांनी गेलो तर बकरीच्या दोन्ही बाजूंना ट्रॉलीच्या अँगलचे हात निघालेले, त्यांना हातगाड्याची चाकं, आणि चाकांमधलं अंतर सोयाबीनच्या दोन ओळींचं. मी विचारलं, एवढं रुंद कशाला? तो म्हणाला, "सवय हाय. सगळं त्याच मापाचं करायलोय. उलटंल म्हणता? बैल बसला तरी उलटत न्हाई."

ते खरं होतं. माझ्या अंगणात ती उलटली नाही. अंगण सपाट होतं. सपाट अंगणात तपासून मी खूश झालो, ह्याकडे जरा लक्ष ठेवा.

आता राहिली रेस. मोटारसायकलची रेस उजव्या मुठीत असते. मूठ आपल्याकडे ओढली की गाडी पळते, पुढं फिरवली की रेस उतरते. दादांनी पूर्वी चाळीस वर्षं तशीच गाडी चालवलेली. पण उजवा हात तर आता पाहुणा. म्हणून ती अख्खी मूठ काढून मी डाव्या बाजूला बसवली. बसली. केबलही पुरली. एवढं विनातक्रार माझ्या हातून आयुष्यात काही बसलं नव्हतं, तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती. मिस्त्रीला अभिमानानं दाखवायला नेली. त्यानं मूठ दोनदा फिरवली आणि हसता हसता खाली बसला. उजवीची मूठ डावीकडं आली तशी ती उलटी झाली होती. आता पुढं ढकललं की गाडी पळणार, आणि मागं ओढलं की थांबणार.

मिस्त्रीनं उपाय सांगितला. अंगठ्यानं दाबायची रेस मिळते, वाळवंटातल्या चारचाकी गाड्यांना असते तशी. मागवावी लागेल, पंधरा-वीस दिवस. पण मायनं तोपर्यंत दिवस धरला होता.

आमच्यात गाडी घेतली की ती विहारासमोर उभी करायची, वंदना घ्यायची, फुलं वाहायची आणि पेढे वाटायचे. गाडी पुढं पळो न पळो, पेढा आधी. मायनं अश्विनातली पौर्णिमा धरली, भिक्खूंचा वर्षावास संपतो ती. त्या दिवशी सगळी वस्ती सकाळी विहारात असते. जिंतूरहून पेढे सांगून झाले होते, फाट्यावर निरोप गेला होता. तीन वर्षांनी नवऱ्याच्या नावानं काही चांगलं वाटायला मिळणार म्हणून ती बाई आठ दिवस नुसती उडत होती. तिला मी काय सांगणार, की मूठ उलटी बसली?

एक दादा तेवढे वेळकाढूपणा करत होते. आधी म्हणाले, हिला नंबर कुठाय? मी म्हणालो, एवढ्या लहान गाडीला लागत नाही. हे मी दडपून सांगितलं. पासिंग नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही हे मला ठाऊक होतं, पण आमच्या दीड किलोमीटरवर पोलीस कशाला येतो. मग म्हणाले, हेल्मेट. आणलं. मग म्हणाले, उन्हाचं होत नाही. मी म्हणालो, सकाळी आठला जा. मी एकेक अडचण काढत होतो, ते नवी आणत होते, आणि प्रत्येक अडचण काढल्यावर माझी छाती एक बोट वाढत होती.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, कारण तिच्यात माझाच पाजीपणा आहे. रोज संध्याकाळी घरी आलो की दादा विचारायचे, "आज पेपरात काय इशेष?" मला वाटायचं, मास्तरची खोड. स्वतः सकाळी वाचून बसलेत आणि आता परीक्षा घेतायत. मी पेपर उघडूनही बघितलेला नसायचा. म्हणून ठोकून द्यायचो. अमक्या धरणाचं पाणी सुटलं, तमक्या परीक्षेचा निकाल लांबला. ते मान डोलवायचे. पूर्वीच्या दादांनी कान उपटला असता. एकदा कंटाळून सांगितलं की चारठाण्याला रेल्वे स्टेशन मंजूर झालं. त्यावरही मान डोलवली. आठवड्यानं फाट्यावर हॉटेलवाला मला विचारतो, "गुरुजी फोनवर सांगत होते, चारठाण्याला रेल्वे येणार म्हणून. पेपरला सोताच वाचलं म्हणले. आमाला तर कुठं दिसलं न्हाई." मी बसून हसलो. मला वाटलं, म्हातारा खोडकर झाला. माझी थाप पकडली आणि ती पुढं ढकलून माझीच फजिती केली. घरी येऊन दादांना डोळा घातला. दादांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तर पौर्णिमा आली आणि मूठ उलटीच होती. मी डोकं चालवलं. पांढऱ्या पट्टीवर काळ्या मार्करनं ठळक लिहिलं: ‘पुढे ढकला – पळेल. मागे ओढा – थांबेल.’ पट्टी टाकीवर, बसणाऱ्याच्या बरोबर नाकासमोर चिकटवली. माझं अक्षर चांगलं आहे, दादांनीच छडीनं वळवलेलं. अर्ध्या गावाला वाचायला शिकवलेला माणूस. त्याच्यासाठी ह्याहून सोपी सोय कोणती? तोंडानं सांगायची मला गरजच वाटली नाही. खरं म्हणजे तोंडानं सांगितलं असतं तर चूक कबूल करावी लागली असती.

वंदना झाली. बकरीच्या हँडलला झेंडूचा हार पडला. पेढे वाटून झाले. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, फाट्यावरून आलेले हॉटेलवाला आणि शिंपीकाका, आणि कौतुक बघायला जिंतूरहून आलेला मिस्त्री. दादा काठी टेकत आले आणि बसले. उजवा हात उचलून मी हँडलच्या उजव्या टोकावर नुसता ठेवला. मिस्त्रीनं दोरी ओढून इंजिन चालू केलं. मी कानाशी वाकून टाकीकडं बोट दाखवलं.

"दादा, वाचलं ना?"

ते टाकीकडं बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"वाचलं," म्हणाले.

मग चाळीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी डाव्या हातानं मूठ आपल्याकडं ओढली. काही झालं नाही. तसं ओढलं की ती बंदच होत होती. लोक म्हणाले, गुरुजी, रेस द्या. त्यांनी आणखी ओढली. काही नाही. कंटाळून त्यांनी मूठ पुढं फिरवली, आणि बकरी उसळली. घाबरून ते रेस उतरवायला गेले, म्हणजे आणखी पुढं ढकलली. विहारासमोरच्या सपाट जागेवरून गाडी थेट गल्लीतल्या सिमेंटच्या रस्त्यावर गेली.

आमच्या गल्लीतला रस्ता मधोमध खोलगट आहे. नाली वेगळी काढायला नको म्हणून तसाच केलेला. सगळ्या घरांचं सांडपाणी रस्त्याच्या पोटातून वाहतं. वेल्डरची दोन रुंद चाकं त्या खोलगटीच्या दोन्ही कडांना जाऊन टेकली. मधलं, गाडीला पळवणारं चाक नालीवर अधांतरी लटकलं. बैल बसला तरी न उलटणारी गाडी जागच्या जागी उभी राहिली आणि फुल रेसवर बोंबलायला लागली. मागचं चाक खालच्या पाण्याला घासत गरगरत होतं. त्या पाण्याचा फवारा पांढऱ्या साड्यांवर, सदऱ्यांवर, मायच्या हातातल्या पेढ्याच्या बॉक्सवर. पळापळ झाली. दादा मूठ आणखी आणखी पुढं दाबत होते. मी ओरडलो, "टाकीवर बघा! टाकीवर!"

त्यांनी टाकीवर बघितलं. खाली मान घालून, नीट बघितलं. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मूठ तशीच.

शिंपीकाकांना आणि हॉटेलवाल्याला मात्र गुरुजींची दया आली. गाडी अडकली असं समजून दोघांनी मागून धक्का दिला. चाक सिमेंटला लागलं, बकरी नालीतून सुटली आणि समोरच्या मळणीच्या जागेवर पडलेल्या सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगात घुसून बंद पडली. दादा कमरेपर्यंत भुसकटात. गळ्यात झेंडूचा हार आला होता. कुठं खरचटलंही नव्हतं. आधी कुणी हसलं नाही. मग एक जण हसला, मग सगळे. दादाही हसले. मी बघत होतो, ते सगळ्यांच्या आधी थांबले.

घरी आणून भुसकट झटकलं, हातपाय धुतले. माय पेढ्याचा बॉक्स उन्हात ठेवून आत जाऊन पडली. दादा खुर्चीवर, मी उंबऱ्यावर. लाज वाटली की मला राग येतो. मी म्हणालो, "एवढं मोठं लिहिलं होतं की, दादा."

उजव्या बाहीला राहिलेलं भुसकट त्यांनी डाव्या हातानं काढून टाकलं. मग विचारलं, "काय लिहिलं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी ओठ हलवून ते दोनदा आपल्याशी म्हटलं, पाढा पाठ करावा तसं.

"तुमी तर वाचलं म्हणलात."

"आता म्हणतोच तसं," दादा म्हणाले. "तीन वर्षं झाली."

मला कळायला वेळ लागला. मी म्हणालो, चष्मा परत तपासू. त्यांनी डावा हात हलवून मला गप्प केलं. आमच्या घरी एक ट्रंक आहे, तिच्यात निजामाच्या काळातले इनामाचे उर्दू कागद आहेत. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत, पण टाकून कोण देणार. दादांनी त्या खोलीकडं मान केली.

"त्या ट्रंकेतल्या कागदासारखं झालंय बघ. अक्षर हाय, हे कळतं. वळणदार हाय, हे बी कळतं. आपलं न्हाई." मग म्हणाले, "सोताचं नाव बी."

"मग फाट्यावर..."

"फाट्यावर काय करू? लोक कागद घेऊन येतेत. बाकड्यावर बसून चहा पिऊन येऊ?"

मी तीन महिने पायांची सोय करत होतो. जीप, नंबर, हेल्मेट, ऊन, सगळ्या अडचणी मी मोठ्या हुशारीनं दूर केल्या होत्या. माणूस लपायला एकेक आडोसा शोधत होता आणि मी मागं लागून एकेक काढून घेतला. चारठाण्याच्या रेल्वेचं आठवलं. त्यांनी ती थाप खरी धरून फोनवरून फाट्याला पोचवली होती, आपण अजून वाचतो हे कळावं म्हणून. आणि मी डोळा घातला होता.

दवाखान्यात दाखवू म्हणालो. शिकवलं की परत येतं म्हणतात, असंही म्हणालो; कुठून तरी ऐकलं होतं. ते म्हणाले, एकदा मायला शिकवायला आणलेली पहिलीची उजळणी घेऊन बसले होते, दुपारी, घरात कुणी नसताना. तीन महिने. ‘ग’ पर्यंत आले. सकाळी उठले की परत ‘अ’.

"मायला सांगू नको," दादा म्हणाले. "फाट्यावर तर मुळीच न्हाई."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना फाट्यावर थांबावं लागलं. हॉटेलवाल्यानं चहा पुढं केला आणि विचारलं, "गुरुजीला लागलं न्हाई ना? कवा येतेत मग?"

मी म्हणालो, "येतेत. गाडीचं काम चालू हाय."

त्याला ते लगेच पटलं. मी गाडीचं काम करतोय म्हटल्यावर ते संपणार नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला पटतं. आयुष्यभराच्या नालायकीचा मला पहिल्यांदा असा उपयोग झाला.

पंधरा दिवसांनी मिस्त्री स्वतः घरी आला, अंगठ्याची रेस घेऊन. दादा खुर्चीवर होते. पेपर मांडीवर. मिस्त्री म्हणाला, दहा मिनटं का काम है, आणि पाना मागितला. दादांची नजर पेपरावरून उठली आणि माझ्यावर येऊन थांबली. मी मिस्त्रीच्या हातातला तो सुटा भाग घेतला, हँडलला लावून बघितला आणि म्हणालो, माप बसत नाही.

"बसता है, साब. मैं नापके लाया."

"नाही बसत. मी घासून बसवतो."

"आपसे नै होगा."

"झालं तर झालं," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं, दादांकडं बघितलं, चहा पिऊन गेला. त्याला काय कळलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. तो भाग मी ट्रंकेत टाकला, उर्दू कागदांवर.

तेव्हापासून दर रविवारी मी अंगणात बकरी उघडतो. कार्बोरेटर काढतो, धुतो, परत लावतो. आता मला ते बऱ्यापैकी जमतं, हीच पंचाईत आहे. गेल्या रविवारी पहिल्या दोरीत सुरू झाली. मी घाईघाईनं प्लगची टोपी काढून ती बंद पाडली. वेल्डरचे लोखंडी हात अजून तसेच आहेत, माय त्यांच्यावर गोधड्या वाळत घालते. शिंपीकाका उन्हाळ्यात वारले. दादा मातीला गेले नाहीत. गाडीचं काम चालू होतं. फाट्यावर आता ऐकणाराही एकटा हॉटेलवालाच उरला आहे, आणि तोही गेल्या महिन्यापासून विचारत नाही. कागद घेऊन येणारी माणसं मोबाइलच्या दुकानात जातात. तिथं कुणी रागवत नाही.

एकदा मी पेपर घेऊन सहज वाचतोय असं दाखवत मोठ्यानं वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीला दादांनी डावा हात पुढं केला. मी पेपर परत दिला. त्यांनी मांडीवर पसरला, चष्मा लावला.

आता मी कॉलेजात पेपर पहिल्या पानापासून निविदेपर्यंत वाचतो. संध्याकाळी ते विचारतात, मी खरं तेच सांगतो. ते मान डोलवतात, पूर्वी डोलवायचे तशीच. परवा सगळं सांगून झालं, मी उठायला लागलो, तर म्हणाले, "आरं, त्या चारठाण्याच्या रेल्वेचं काय झालं मग?"

अंगणात गोधड्यांखाली बकरी उभी होती. मी चप्पल शोधल्यासारखं केलं.

"काम चालू हाय," मी म्हणालो.

"हं," म्हणाले, आणि पान उलटलं.